गावऱ्हाटीतून दिसणारा हिंदू धर्म

हिंदू धर्माची ओळख करून देणारी बहुतेक पुस्तके वेदांपासून सुरू होतात. चार वेद, प्रमुख उपनिषदे, रामायण आणि महाभारत, अठरा पुराणे, सहा दर्शने, मग कर्मसिद्धान्त, पुनर्जन्म आणि मोक्ष, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. त्यातली माहिती खरीच असते. पण ती पाठ करून एखादा नवखा माणूस सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळला उतरला, तर भोवतालच्या फारच थोड्या गोष्टींचा त्याला उलगडा होईल. कुडाळेश्वर हे ग्रामदैवत शिवाचे रूप आहे, वालावलचा लक्ष्मीनारायण म्हणजे विष्णू, एवढे त्याला सहज कळेल. पण कुडाळची केळबाई कोण? गावोगावच्या सातेरी, रवळनाथ, भूमिका, पावणाई, माऊली, वेतोबा या देवतांना त्या क्रमात जागा कुठे? काही जत्रांची तारीख पंचांग पाहून न काढता देवाला विचारून का ठरवतात? गावच्या सीमेवरच्या देवचाराला वर्षातून एकदा न चुकता त्याचा मान का पोचवतात? या प्रश्नांना ‘लोकांच्या जुन्या समजुती’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. मात्र तसे केले तर कोट्यवधी हिंदू रोज जो धर्म पाळतात तोच पुस्तकाबाहेर राहतो. म्हणून या प्रकरणात उलट्या बाजूने सुरुवात करू. हिंदू काय मानतात हे बाजूला ठेवून, एका मुलखात कोणाचे कोणत्या देवाशी काय नाते आहे आणि ते कसे निभावले जाते, हे आधी पाहू. हिंदू परंपरेचा एकसंधपणा मतांमध्ये शोधला तर हाती लागत नाही. तो या नात्यांच्या मांडणीत सापडतो, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

कुडाळ यासाठी सोयीचे आहे, कारण ते काशी किंवा पंढरपूरसारखे तीर्थक्षेत्र नाही. तिथे आढळते ते साध्या, नांदत्या गावांचे धर्मजीवन. एके काळी हा मुलूख कुडाळ प्रांत म्हणून ओळखला जाई. पुढे तो सावंतवाडी संस्थानात राहिला, स्वातंत्र्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात गेला आणि १९८१ साली सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाल्यावर त्यात आला. राजवटी बदलल्या तरी गावचा देवधर्म चालवणारी एक रीत टिकून राहिली. तिला इथले लोक गावऱ्हाटी म्हणतात.

गावऱ्हाटीत ग्रामदैवत हा गावचा मालक आणि माणसे त्याची रयत. गावची वस्ती, शेती, पाऊसपाणी, रोगराई हे सगळे त्याच्या कारभारात येते. या कारभारात प्रत्येक घराण्याला नेमून दिलेले काम असते आणि त्या कामाबरोबर येणारा मान असतो. गावकर आणि बारा-पाचाचे मानकरी निर्णयाला बसतात, गुरव पूजा करतो, घाडी गाऱ्हाणे घालतो, देवळी देवळाची सेवा करतो आणि वैदिक विधींपुरता भटजी येतो. गाऱ्हाणे संस्कृतात नसते, मालवणीत असते. गावातल्या लहानथोर देवतांना नावानिशी हाक मारून, अडचण सांगून, सेवेत काही चुकले असेल तर ते पदरात घ्यायची विनंती करून घाडी मागणे मांडतो आणि जमलेली मंडळी त्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. देवाचे उत्तर कौलातून मिळते. मूर्तीला लावलेली कळी किंवा पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे, त्यावरून होकार-नकार समजतो. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा लाखोंची गर्दी खेचते, तरी तिची तिथी ठरलेली नाही. ती दर वर्षी देवीच्या कौलाने ठरते. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर मुक्काम करतो. त्याला गावपळण म्हणतात. परत यायचे तेही कौल मिळाल्यावरच. या सगळ्यात ‘तुझा देवावर विश्वास आहे का’ असे कोणी कोणाला विचारत नाही. ज्याचे जे काम आहे ते त्याने केले की नाही, एवढेच पाहिले जाते.

आता या देवतांच्या स्वरूपाकडे पाहू. सातेरीचे मूळ रूप वारूळ. गोव्यात आणि दक्षिण कोकणात कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात आजही वारूळच पूजले जाते. काही ठिकाणी त्यावर मुखवटा चढवतात, काही ठिकाणी समोर मूर्ती ठेवतात. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात वारूळ म्हणजे भूमीचे सर्जनशील अंग, या कल्पनेचा मागोवा घेतला आहे. पण त्याच सातेरीची ओटी भरणारी बाई तिला दुर्गा किंवा पार्वती म्हणून हात जोडते आणि नवरात्रात तिच्यापुढे सप्तशतीचा पाठही होतो. केळबाईचेही तसेच. गोव्यात दोन हत्तींमधल्या गजलक्ष्मीच्या प्राचीन शिल्पांना लोक केळबाई म्हणून पुजतात. रवळनाथाला भैरवाचे रूप मानतात. आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळ, भुताखेतांचा अधिपती. पण गावाला तो रात्री फेरी मारून राखण करणारा आपला माणूस वाटतो, म्हणून त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कूर्ग लोकांवरच्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना मांडली. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलतात, ही त्या कल्पनेतली मुख्य गोष्ट. देवतांनाही ती लागू करता येते, पण या मुलखात तिला एक जोड द्यावी लागते. इथे सातेरी दुर्गा झाली तरी तिचे वारूळ मोडले गेले नाही आणि नावही सुटले नाही. नवा अर्थ जुन्यावर चढला आणि दोन्ही एकाच गाभाऱ्यात राहिले. विरोधी मते एकमेकांना खोडतात. नाती मात्र एकावर एक रचता येतात. हिंदू परंपरेत इतकी विसंगत दिसणारी सामग्री एकत्र कशी नांदते, याचे उत्तर मला इथे दिसते.

ग्रामदैवताचे नाते भूमीशी असते, कुलदैवताचे रक्ताशी. कुडाळच्या एखाद्या घराला ग्रामदैवत म्हणून कुडाळेश्वर आणि कुलदैवत म्हणून गोव्यातली देवता असणे अगदी नेहमीचे आहे. यामागे इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या भागांतली देवळे पाडली, तेव्हा भाविकांनी आपले देव उचलून खाडीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला स्थिरावला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव हलले तशी माणसेही पांगली, पण कुळाचे नाते तुटले नाही. घरातले लग्न ठरले की पहिले आमंत्रण आजही कुलदैवताला जाते. तिसरे नाते घराचे. पुण्यात १८९३ च्या सुमारास गणपती सार्वजनिक झाला. कोकणात तो आजही मुख्यतः मूळ घराचा आहे. चवथीला मुंबईचा चाकरमानी गावी येतो तो भावकीच्या सामाईक गणपतीसाठी. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला नारळ, सुपारीची शिपटी, काकडी, कवंडळ आणि रानातले हिरवे बांधतो, वाडीत घरोघर भजनाला जातो. ग्रामदैवत गाव सोडत नाही, कुलदैवत मुलखाबाहेर असले तरी चालते आणि गणपती वर्षातून एकदा घरी येतो. एकाच माणसाच्या आयुष्यात या तिघांच्या जागा वेगळ्या असल्यामुळे त्यांच्यात स्पर्धा होत नाही.

जन्माने मिळणाऱ्या या नात्यांवर आणखी एक नाते माणूस स्वतः निवडतो, ते गुरूचे आणि संप्रदायाचे. कुडाळ तालुक्यातल्या माणगावला १८५४ साली वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, जन्मले. १८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभारले, १८९१ साली उज्जैनला संन्यास घेतला आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे देह ठेवला. शास्त्रात सांगितलेले संन्यासधर्माचे नियम ते कडकपणे पाळत. पिंगुळीला राऊळ महाराजांचा मठ आहे. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये हे अठराव्या शतकातले नाथपंथी कवी. कुलकर्णीपण सोडून ते योगमार्गाला लागले. यांच्या शिकवणुकीत गाव, कूळ, मान या सगळ्यांपलीकडे जाण्याची वाट आहे. तत्त्वतः तिथे गावऱ्हाटी गळून पडायला हवी. प्रत्यक्षात माणगावला दत्तजयंतीला जाणारा माणूस आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेलाही जातो आणि यात त्याला काही विसंगत वाटत नाही. संन्यासमार्ग गावाला नाकारत नाही. गावापासून सुटू पाहणाऱ्याला तो दार उघडून देतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सारे लोकाचाराचे वर्णन झाले. खरा हिंदू धर्म तर उपनिषदांत आणि गीतेत आहे. ग्रंथांचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ग्रंथ लोकांपर्यंत पोचले कसे, हा. कार्तिकापासून पुढे या मुलखात जत्रा सुरू होतात आणि पालखी झाल्यावर देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. आधी आडदशावतार, त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती आणि वेद पळवणाऱ्या संकासुराचा वध; मग पुराणातले एखादे आख्यान आणि पहाटे दहीकाला. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर खेळ उभा राहतो. लिखित संहिता नसते. राजा, राक्षस, ऋषी यांचे संवाद नट तिथल्या तिथे रचतात आणि त्यात कर्म, प्राक्तन, पातिव्रत्य, भक्ती यांवर वादविवाद होतो. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांतून रामायण-महाभारत सांगत आले; त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे शंकराच्या देवळापुढे विष्णूच्या अवतारांचा खेळ होतो, आणि आदिवासी समाजातला कथेकरी गावाला वाल्मीकी-व्यासांची कथा ऐकवतो. ग्रंथ इथे आहेच, पण तो वाचायची वस्तू म्हणून आलेला नाही. ठरावीक रात्री, ठरावीक देवासमोर, मान असलेल्या मंडळींकडून तो ऐकायचा असतो. त्यालाही नात्यांच्या मांडणीतून वाट काढूनच गावात यावे लागले. ग्रंथातले तत्त्वज्ञान खोटे ठरते असा याचा अर्थ नाही. फक्त एवढेच, की ग्रंथाला मूळ आणि गावाला फांदी मानणारे चित्र इथे जुळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाते, मान, नेमलेले काम हे शब्द ऐकायला गोड असले तरी व्यवहारात त्यांचा अर्थ जात असाच होता, असे कोणी म्हणाले तर ते खरे आहे. मानाची उतरंड होती. ज्या व्यवस्थेने सीमेवरच्या विधींसाठी महारांना बोलावले, तिनेच त्यांना देवळात पाऊल टाकू दिले नाही. भाविणी म्हणून ज्या स्त्रियांना देवाला वाहिले, त्यांच्या सेवेचा मान म्हणजे प्रत्यक्षात शोषण होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला तो यामुळेच. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३१ साली रत्नागिरीत सर्वांना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी अस्पृश्यता आणि भंगीकाम यांविरुद्ध आयुष्य वेचले. १९५६ साली आंबेडकर आणि त्यांचे लाखो अनुयायी बौद्ध झाले. या आक्षेपाने आपला युक्तिवाद ढासळत नाही, उलट त्याला बळकटी येते. बाहेर पडणाऱ्यांचा वाद मुख्यतः कोणता देव खरा यावर नव्हता. माणूस म्हणून बरोबरीची जागा मिळत नाही, यावर होता. हिंदू परंपरा नात्यांवर उभी आहे हे एकदा मान्य केले, की तिचे सर्वांत मोठे पाप नात्यांतल्या अन्यायाचे आहे हेही मान्य करावे लागते. नवख्या वाचकाला या परंपरेचे सौंदर्य दाखवून हा भाग झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तिसरा आक्षेप तर्काचा आहे. वारूळ चालते, शिव चालतो, संन्यासी चालतो, वेतोबा चालतो. मग हिंदू नसलेले काय उरते? सगळेच सामावणारी व्याख्या ही व्याख्याच नव्हे, असे म्हणता येईल. न्यायालयालाही हा पेच पडला होता. अहमदाबादच्या स्वामिनारायण संप्रदायातल्या काही अनुयायांनी आपला संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा दावा केला. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालात दाखवून दिले की हिंदू धर्माला एक प्रेषित नाही, एक देव नाही, एक सर्वमान्य मत नाही. ती व्यापक अर्थाने जीवनपद्धती आहे. हे वचन अनेकदा उद्धृत होते, पण ते मंदिराचे दार कोणाला उघडायचे या खटल्यात लिहिले गेले, हे क्वचितच सांगितले जाते. मतांनी सीमा आखता येईना, तेव्हा न्यायालयालाही प्रवेशाच्या, म्हणजे नात्याच्या, प्रश्नातूनच उत्तर काढावे लागले. सीमा आहे, पण ती श्रद्धेच्या कलमांनी आखलेली नाही. एकमेकांच्या देवांचा मान राखणे, सणवारांचे एक पंचांग पाळणे, जन्म-लग्न-मरणाचे संस्कार एका घडणीने करणे आणि नव्या देवाला जागा देताना जुन्याची जागा न काढणे, या व्यवहारांनी ती आखली जाते. रेडीला १९७६ साली खाणीच्या परिसरात गणपतीची मूर्ती सापडली, तिचे देऊळ झाले, दूरदूरचे लोक येऊ लागले. पण रेडीची माऊली गावची ग्रामदेवी होती ती राहिलीच.

हे सगळे कोकणापुरते खरे असेल, असेही कोणी म्हणेल. तपशील कोकणाचे आहेत यात शंका नाही. तरंगकाठ्या (देवतांची काठीच्या रूपातली प्रतीके), गावपळण, दशावतार ही या किनाऱ्याची लेणी आहेत. परंतु मांडणी मात्र दूरवर ओळखू येते. तमिळनाडूत गावच्या वेशीवर अय्यनार राखण करतो आणि प्रत्येक कुळाला कुलदेवम् असते. हिमाचलात कुल्लूच्या दसऱ्याला खोऱ्यातल्या गावांचे देव पालख्यांतून रघुनाथाच्या भेटीला येतात. गावचा देव, कुळाचा देव, घरचा देव, गुरू आणि पुराणकथा हे पाच पदर बहुतेक ठिकाणी सापडतात. पदरांची नावे आणि त्यांचा जोर बदलतो. मोठ्या शहरांत ग्रामदैवताचा पदर विरळ होतो, संप्रदायाचा दाट होतो. परदेशातल्या मराठी घरांत कुलाचार आणि गणपती टिकतात, कारण ते बरोबर नेता येतात. ग्रामदैवत मागे राहते. कोणता पदर प्रवास करतो आणि कोणता करत नाही, हे पाहिले तरी प्रत्येक पदराचे बंधन भूमीशी आहे, रक्ताशी आहे की निवडीशी, ते कळते.

म्हणून नवख्या वाचकाने एखाद्या हिंदू माणसाला ‘तुम्ही काय मानता’ असे विचारले तर फारसे हाती लागणार नाही. तो गोंधळेल, किंवा शाळेत शिकलेले उत्तर देईल. तुमचे गाव कोणते, गावचा देव कोण, कुलदैवत कोणते, घरात काय पाळता, कोणत्या गुरूला मानता, असे विचारावे. आणि त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नये: तुमच्या देवळात कोणाला कुठपर्यंत येता येते? पहिल्या प्रश्नांतून परंपरेची रचना समजेल, शेवटच्यातून तिची कसोटी. पुढच्या प्रकरणात आपण वेद-उपनिषदांकडे वळणार आहोत. तिथेही ब्रह्म काय, आत्मा काय, हे समजून घेताना ते कोणी कोणाला, कोणत्या अधिकाराने सांगितले आणि कोणाच्या कानावर ते पडू दिले नाही, हा प्रश्न सोडता येणार नाही.